सुधारलेला जमीनदार

श्याम दाबके कतारला, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका बांधकाम कंपनीत एचआर मॅनेजर. लोकांच्या रजा नाकारणं ही त्याची नोकरी, आणि त्या गोड हसून नाकारणं ही हौस.

यंदा आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या देवव्रतने चिनी क्रांतीच्या ऑपेराचं मराठी रूप बसवायला घेतलं. तिकडे एके काळी पक्षच अशी संगीत नाटकं बसवून घ्यायचा. नियम ठरलेले. शेतकरी नायक उंचावर, लख्ख लाल उजेडात. जमीनदार खाली, वाकलेला, हिरवट अंधारात. श्यामच्या वाट्याला जमीनदार आला.

"हिरवा लाइट मला चालणार नाही," तो म्हणाला. "आणि त्याची बाजू कुठाय? त्यालाही टार्गेट्स असतील ना!"

"अरे, क्रांती आहे ही. जमीनदाराला बाजू नसते."

"मग हॉलचं कसं जमतंय ते बघावं लागेल."

हॉल श्यामच्या कंपनीचा होता. कॉलेजात लाल झेंडा मिरवलेला देवव्रत लगेच विरघळला. शेवट बदलला. जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि शेतकरी त्याला हार घालतात. दिवाही गुलाबी झाला. चहा पिता पिता क्रांती मिटली.

मंडळातलं कुणी फाटके कपडे घालायला तयार होईना, म्हणून शेतकऱ्यांच्या भूमिकेत श्यामने कंपनीचे बसड्रायव्हर आणले. त्यांचा म्होरक्या हरिदास, जालन्याकडचा. पोरीच्या लग्नासाठीचा त्याचा रजेचा अर्ज श्यामने परत पाठवला होता.

प्रयोगात शेवटी श्याम मान पुढे करून उभा राहिला. हरिदास हार धरून नुसताच थांबला.

"यल्ला, चल, घाल की!" श्याम कुजबुजला. कॉलरच्या माइकमुळे ते हॉलभर ऐकू गेलं.

"घालतो ना मालक," हरिदास मोठ्याने म्हणाला. "पहिले पोरीच्या लग्नाची रजा द्या."

मागे प्रेक्षकांत बसलेल्या बाकीच्या ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या. पुढचे लोक हसले. त्यांना ते नाटकातलंच वाटलं.

"दिली," तो पुटपुटला. तेव्हा कुठे हार गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी हरिदास केबिनमध्ये गेला, तर हा म्हणतो, "अरे, ती जमीनदाराने दिली. मी कुठे दिली?"

पण व्हिडिओ कंपनीभर फिरला होता. जनरल मॅनेजर रहमानने कुणाकडून तरी मराठीचा अर्थ समजून घेतला, पोट धरून हसला आणि श्यामला फोनवर विचारलं, "मग, गेला का तो लग्नाला?" तासाभरात रजेवर सही झाली. हरिदास लेकीच्या हळदीला वेळेत पोचला.

श्याम आता भेटेल त्याला सांगतो, कलेने माणूस बदलतो, स्वतःचा अनुभव आहे. पुढच्या वर्षी त्याला शेतकरी व्हायचंय.