साहेबांच्या हातातली दोरी

पुण्याहून निघताना आमच्याजवळ एक योजना होती, आणि ती इतकी नीट बसली होती की तिचं काही खरं नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं. तीर्थपुरीला माझ्या आत्याने वाचनालय काढलं होतं. ती निवृत्त शिक्षिका. विहाराशेजारच्या खोलीत तिने पुस्तकं जमवली होती आणि उद्घाटनाला प्रमुख वक्ती म्हणून मला बोलावलं होतं. कार्यक्रम सकाळचा. आमची सात महिन्यांची यशू नेमकी त्याच वेळी झोपते. तेवढ्यात मी बोलून मोकळी होणार होते.

माझा नवरा मिलिंद आणि मी कामं वाटून घेतली होती. जाताना लेक त्याची, येताना माझी, आणि भाषण चालू असताना सर्वस्वी त्याची. यशूच्या जन्मापासून मी घरात सुरू केलेलं एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं. एकदा सलग, शेवटपर्यंत बोलायचं, एवढीच माझी इच्छा होती.

जालन्याला रेल्वेतून उतरलो तोच आत्याचा फोन आला. उद्घाटक साहेबांची सकाळी दुसरीकडे दोन भूमिपूजनं निघाली होती, म्हणून आपला कार्यक्रम दुपारी चारला. साहेब कोण, ते सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक तालुक्यात एक असतातच. चार म्हणजे यशूची चिडचिडीची वेळ. मिलिंद म्हणाला, "झोपेचं मी बघतो. तू भाषणाचं बघ." त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्याची काळजी वाटली.

अंबडमार्गे काळी-पिवळीने (माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप) निघालो. माणसं भरल्यावरही ती हलली नाही, कारण ड्रायव्हरच्या मते अजून दोघं मावत होती. बाहेर वेचणीला आलेला कापूस, मोसंबीच्या बागा, आणि पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. शेजारच्या बाईंनी मिलिंदच्या मांडीवरून यशूला न विचारता आपल्याकडे घेतलं, मला एक मोसंबी दिली, आणि मिलिंदकडे निरखून पाहत विचारलं, "हे लेकराला सांभाळून राह्यले, मंग तुम्ही काय करता?"

"भाषण," मी म्हणाले.

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि विषय मिटला.

तीर्थपुरीला उतरलो, जीप घनसावंगीकडे धुरळा उडवत गेली, आणि तिच्या टपावर आमची बॅगही गेली. तिच्यात यशूचे झाडून सगळे डायपर होते. वाटणीप्रमाणे बॅग कोणाकडे होती, हा प्रश्न आम्ही दोघांनीही मोठ्या मनाने काढला नाही.

आत्याने जुनी सुती साडी फाडून लंगोट केले. जेवायला भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची) होती. ती खाल्ल्यावर मला भाषणाचा विसर पडला आणि फार बरं वाटलं. तेवढ्यात बाहेर गलका झाला. मिलिंद हापशावर लंगोट धूत होता, आणि पाण्याला आलेल्या बायका घागरी खाली ठेवून बघत होत्या. आत्या धावली.

"जावईबापू, ठिवा ते खाली. जावयानं लंगोट धुतल्यावर मी गावात काय तोंड दाखवू?"

"आत्या, धुतले न्हाईत तर चारला तुमची नात काय दाखवंल ते बघा," मिलिंद म्हणाला. तो मूळचा परतूरजवळच्या आष्टीचा. पुण्यात झाकून ठेवलेली बोली त्याला अशा वेळी बरोबर सापडते. बायका हसल्या. एकीने त्याच्यासाठी हापसा मारायला सुरुवात केली, आणि आत्याने हार मानली. जावयाचा मान मात्र तिने सोडला नाही. मंचावर, थेट साहेबांच्या शेजारी, तिने त्याला खुर्ची दिली.

चार वाजता मंडप भरला. पाचला साहेब आले. तोवर यशूने आपलं मत खणखणीत आवाजात मांडलं होतं. सूत्रसंचालक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, लेकरू रडून राह्यलं, तुम्ही दोन शब्दांत आवरलं तरी चालंल." दोन शब्दांसाठी मी रात्रभर रेल्वेत बसले नव्हते.

मग हापशावरच्या त्याच बायकांनी सूत्रं हातात घेतली. साहेबांसाठी आणलेली शाल एकीने ताटातून उचलली, मंडपाच्या दोन पाइपांना बांधून मंचाच्या कडेला झोळी केली, आणि तिची दोरी मिलिंदच्या हातात दिली. शालीअभावी साहेबांचा सत्कार नुसत्या नारळावर झाला. त्यांनी फलकावरच्या पडद्याची दोरी ओढली, टाळ्या घेतल्या आणि भाषण केलं. भाषणात वाचनालय सोडून सगळं होतं. पण त्या एकसुरी आवाजावर यशू गाढ झोपली, हे श्रेय मी त्यांना देते.

आता रीत अशी, की साहेब बोलून झाले की पुढच्या कार्यक्रमाला निघतात आणि मागोमाग मंडपही निघतो. उरतात ते वक्ता, आयोजक आणि सतरंजीवाला. माझं नाव पुकारलं गेलं. साहेबांच्या माणसाने गाडी लावायचा इशारा केला. मागच्या रांगा उठू लागल्या. आत्या पहिल्या रांगेत पदराशी चाळा करत बसली होती. वर्षभराच्या खटपटीनंतर रिकामा मंडप तिला बघायचा नव्हता.

तेवढ्यात मिलिंद वाकून म्हणाला, "साहेब, जरा धरता? वाळलेला लंगोट घेऊन आलोच." आणि त्याने दोरी त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी ती धरली. हातात दिलेली दोरी ओढण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी एकदा ओढली आणि पडदा सरकायची वाट पाहावी तसे थांबले. पडदा सरकला नाही, यशू कुरकुरली. त्यांनी घाईने पुन्हा ओढली. त्यांचा माणूस कानाशी लागला, "साहेब, उशीर होऊन राह्यला."

"गप," साहेब हळूच म्हणाले, "उठंल ती."

साहेब उठले नाहीत, म्हणून कोणीच उठलं नाही. उभे राहिलेले खाली बसले. मी बोलायला लागले. लिहून आणलेली सुरुवात मी सोडून दिली, आणि या गावातून बाहेर पडलेल्या माझ्या वडिलांना पहिलं पुस्तक आत्यानेच कसं वाचून दाखवलं होतं, तिथून सुरुवात केली. एकेक वाक्य पूर्ण होत गेलं. आपल्याला हे अजून येतं, याचं मला मनातून नवल वाटत होतं. आत्याने पदर सोडला होता. माझ्या डाव्या हाताला झोळी एका लयीत हलत होती.

शेवटच्या टाळ्यांनी यशू जागी झाली. साहेबांनी दोरी माझ्या हातात दिली आणि खांदा चोळला.

"ताई, घरी तीन लेकरं वाढली," ते म्हणाले. "दोरी आज पहिल्यांदा धरली." ते हसले, पण लगेच निघाले नाहीत, झोळीत वाकून जरा वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपने परतलो. ड्रायव्हरने बॅग जपून ठेवली होती. यशू आता माझ्या मांडीवर होती. अंबडच्या अलीकडे मी मिलिंदला विचारलं, एक लंगोट आणायला इतका वेळ कसा लागला?

"मी लगेच आल्तो," तो म्हणाला. "मागं उभा राहून ऐकत होतो."

"मग दोरी का नाही घेतलीस?"

"घेतली असती तर साहेब गेले असते."

कामं वाटून घेताना हे काम आम्ही धरलंच नव्हतं. तेवढ्यात यशूने आपलं काम केलं. मिलिंदचा हात सवयीने बॅगेकडे गेला. मी तो बाजूला केला. येताना लेक माझी होती.