शनिवारची चौदावी फ्रेम

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला आणि देव्हाऱ्यासकट अंगारे, गंडेदोरे सगळं घोड नदीत सोडून दिलं. त्यामुळे कुणी भुताखेताचं काही बोलायला लागला की त्याची खेचायची, ही मला लहानपणापासूनची खोड. तीच नडली.

१९९८ चा मार्च. घोडेगावात माझा फोटो स्टुडिओ होता - लग्नं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो. त्या वर्षी शिनोलीजवळच्या माळावर मोटारसायकलच्या रेस भरल्या. शनिवारी प्रॅक्टिस, रविवारी रेस. गळ्यात पास अडकवलेले फोटोग्राफर पुण्याचे, ते ट्रॅकवर. आम्ही दोरीच्या अलीकडे, पब्लिकमध्ये. वळणापाशी कुणीतरी उसाची रिकामी ट्रॉली लावली होती, तिच्यावर चढून मी जागा धरली. बरोबर समोर चुना फासलेल्या टायरांचा ढीग होता. गाडी टायरांपुढे आली की बटण दाबायचं, असं ठरवून टाकलं.

मी गेलो होतो सुनीलसाठी. शिनोलीचाच, दहावीपर्यंत एका बाकावर बसलेलो आम्ही. त्याची गाडी नऊ नंबरची. शनिवारी सकाळी त्याच्या आईने हँडलला लिंबू-मिरची बांधून दिली होती. मी चारचौघांत त्याची इतकी उडवली की त्याने वैतागून ती तोडून फेकली. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

संध्याकाळी रोल धुतला. ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच करायचो. ट्रेमध्ये एकेक प्रिंट वर येत होती... तेरावी फ्रेम नीट, पंधरावी नीट. चौदाव्या फ्रेममध्ये टायरांपुढे नऊ नंबरची गाडी वळणात झुकलेली, मागे धुरळा, पलीकडची माणसं निवांत बघत उभी. आणि गाडीवर कोणीच नाही. सीट रिकामी, हँडल मोकळं. शनिवारी सुनील एकदाही पडला नव्हता.

डबल एक्स्पोजर, म्हणजे एकाच फ्रेमवर दोन फोटो पडले म्हणावं, तर मागच्या माणसांचे चेहरे एकेकदाच आणि स्वच्छ आलेले. दुसरी प्रिंट काढली. तीही तशीच. मग सवयीने पहिल्या प्रिंटच्या मागे पेन्सिलने वार, रोल आणि फ्रेम नंबर टाकला आणि ती पाकिटात सरकवली.

रविवारी सकाळी सुनील चेन ताणत बसला होता.

"काय रं, तोंड का पाडलंस?"

"काय नाय. आज जरा जपून चालव."

"जपून चालवायला काय वरात हाय व्हय?"

पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं. काढून दाखवायला दोन सेकंद लागले असते. पण काल लिंबू तोडायला लावणारा मी... आज कुठल्या तोंडाने म्हणणार, की फोटोत तू दिसत नाहीस, गाडीवर बसू नको? भीती वाटत होतीच, पण लाज जास्त वाटली. मी गुपचूप जाऊन ट्रॉलीवर चढलो.

एक गोष्ट कॅमेरा न वापरणाऱ्यांना माहीत नसते. बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो आणि क्षणभर काळोख होतो. ज्या क्षणाचा फोटो निघतो, तो फोटोग्राफरला दिसत नाही. तिसऱ्या फेरीला नऊ नंबर वळणावर आला. मी कॅमेरा गाडीबरोबर फिरवला आणि बटण दाबलं. आरसा खाली आला तेव्हा गाडी एकटीच पुढे चालली होती. सुनील टायरांपर्यंत पोचायच्या आधीच, दहा-पंधरा फुटांवर, गाडीवरून पडला होता आणि मागची गाडी त्याच्या पायावरून गेली होती. लोक दोरी तोडून धावले. मला ट्रॉलीवरून उतरता येईना.

उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

तो रोल मी महिनाभर धुतला नाही. धुतला तेव्हा त्या फ्रेममध्ये गाडी टायरांपुढे होती - म्हणजे तो पडला त्या जागेच्या पुढे - आणि तिच्यावर सुनील बसलेला होता. कोपर वर, मान खाली, झकास. दोन दिवसांचे दोन फोटो जणू कुणीतरी अदलाबदल करून ठेवले होते.

पाच वर्षांनी, २००३ साली, सुनील कुबडी घेऊन स्टुडिओत आला. म्हणाला, त्या रेसचं काय असंल तर दाव. मी दोन्ही प्रिंट काउंटरवर ठेवल्या आणि खोटं बोललो. म्हणालो, दोन्ही रविवारच्या. एक पडायच्या आधीची, एक नंतरची. त्याने रिकाम्या गाडीची प्रिंट बराच वेळ पाहिली. मग उलटी केली.

"राव, ह्यावर शनवार लिवलाय."

मी प्रिंट परत घ्यायला हात पुढे केला, त्याने ती सोडली नाही.

"म्हंजी तुला आदल्या दिशी ठावं व्हतं."

"सुन्या, तू ऐकलं असतंस का?"

"नसतं ऐकलं. पर तू सांगायचं व्हतंस." कुबडी उचलत तो म्हणाला, "लिंबू तोडाया लई तोंड व्हतं तुला."

तो स्वतःचा बसलेला फोटो घेऊन गेला. रिकाम्या गाडीचा तिथेच ठेवला.

दोन्ही निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. पुण्यातल्या जाणकारांना दाखवल्या, कुणाला काही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. सुनील अजून चहाला येतो, शेतीचं, पोरांचं सगळं बोलतो. तो विषय त्याने परत काढलेला नाही, आणि माफी मागायला मला अजून तोंड झालेलं नाही.