प्रभारासकट पूर्ण नाव

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या जिथवर दिसतात, तेवढ्या टापूत आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंइतकं हट्टी माणूस झालेलं नाही. बावीस वर्षं एकाच शिक्षक-खोलीत त्यांच्याबरोबर चहा पिऊन मी हे सांगतो आहे. मी मराठीचा मास्तर. विशेषनामांची काळजी खरं तर मी करायची. पण कुणी नुसतं 'आयर्न सल्फेट' म्हटलं की आठी पडायची ती बाईंच्या कपाळावर. "सोडियम सरळमार्गी आहे हो सर, जन्मभर एकच प्रभार. लोखंडाला मात्र विचारावं लागतं, बाबा, आज दोन की तीन? ते सांगितल्याशिवाय नाव पुरं होत नाही." सल्फेटवर त्यांचा विशेष जीव. एक गंधक, चार ऑक्सिजन असं हे एकत्र कुटुंब कुठल्याही धातूच्या घरी गेलं तरी आडनाव बदलत नाही, हे त्या अशा काही ठसक्यात सांगत, की त्यांनी स्वतःही लग्नानंतर बदललेलं नाही हे वर्गाला आपोआप कळे.

एकदा तोंडी परीक्षेत त्यांनी निळे खडे पुढे करून सायखेड्याच्या एका मुलीला नाव विचारलं. घरी द्राक्षबाग, पोरगी बेधडक म्हणाली, "मोरचूद हाय बाई. आमच्याकडं फवारणीला गोणीभर हाय."

"ते पाळण्यातलं नाव झालं. शाळेतलं सांग."

"कॉपर सल्फेट."

"आणि प्रभार?"

"दोन. कंसात."

बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले, वर पाळण्यातलं नाव ठाऊक असल्याबद्दल अर्धा जास्तीचा. तो अर्धा कुठल्या रकान्यात लिहायचा यावर आमची बैठक तासभर चालली, आणि बाई हटल्या नाहीत.

गेल्या वर्षी मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि एका सरांकडे तात्पुरता कार्यभार आला. बाई प्रत्येक अर्जावर ठळक अक्षरांत 'प्रभारी मुख्याध्यापक' लिहू लागल्या. सर एकदा हळूच म्हणाले, "बाई, नुसतं मुख्याध्यापक लिहिलंत तरी चालेल."

"कसं चालेल सर? प्रभार आहे, तर तो नावात दिसायला हवा."

याच सरांनी पुढे प्रयोगशाळा मोडून तिथे संगणक बसवायचं ठरवलं. टाकून द्यायच्या सामानाची यादी बाईंकडे सहीला आली: निळी पावडर, एक बाटली, हिरवी पावडर, दोन. बाईंनी यादी परत केली. "नाव न घेता कुणाला घराबाहेर काढायचं नसतं," म्हणाल्या, आणि स्वतः यादी लिहायला बसल्या. सहीशिवाय बाटल्या हलणार नव्हत्या. यादी चालेल तोवर प्रयोगशाळा आपली, एवढं साधं गणित होतं. हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या सल्फेटची, हिरवी पावडर एका बाटलीत जुनी होऊन तपकिरी पडली होती, तर त्यांनी चिठ्ठीवरचा दोन खोडून तीन केला. तीन आठवडे त्या लिहीत राहिल्या, आणि तीन आठवडे प्रत्येक वर्ग तिथे येऊन प्रयोग करून गेला.

शेवटची बाटली बिनचिठ्ठीची निघाली. आत पांढरी भुकटी. ती ज्योतीवर धरून रंगावरून ओळखायची, तर बर्नरची नळी आदल्याच दिवशी काढून नेलेली. मला बाईंचं फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "काहीतरी लिहून टाका, कोण बघतंय." त्या रागावल्याही नाहीत. बाटली खिडकीशी नेऊन त्यांनी उजेडात फिरवून पाहिली. मग त्यांनी यादीत लिहिलं, 'हिचं नाव विचारायचं राहून गेलं', आणि खाली सही केली.