पळसपापडीची अंडी

पोलादपूर ते महाड या सगळ्या मुलखात कोंबडीच्या पोटात काय चाललंय याची चिंता वाहणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पाहुणा ओटीवर टेकला की मामा त्याला पोराबाळांचं विचारायच्या आधी कोंबड्यांच्या जंतांचं विचारायचे. हातात सदा एक काटकी असायची; तिनं ते अंगणात काय उकरून बघतात हे जेवायच्या वेळी कुणी विचारू नये. महाडच्या बाजारात लोक गूळ-मीठ घ्यायचे, मामा मात्र काष्ठौषधींच्या दुकानात पळसाच्या बिया हुंगत उभे. ही पळसपापडी वाटून, गुळात वळून त्याच्या गोळ्या करायच्या. औषधाच्या दिवशी कोंबड्या सकाळपासून उपाशी आणि मामाही उपाशी, कारण त्यांच्यासमोर जेवणं बरं दिसत नाही. मी तेव्हा महाडात शिकत होतो. सुटीत गेलो की उरलेली गोळी माझ्या घशात जायची. मी कुरकुरलो तर म्हणायचे, "गप गिळ रे, तलंगीनं तरी चोच उघडली."

एका वर्षी रानमांजरानं त्यांचा तांबडा कोंबडा नेला. मामांचा त्याच्यावर फार जीव. दोन दिवस ते काटकी घेऊन रानाच्या कडेनं फिरले. मग त्यांच्या ध्यानात आलं की कोंबडा गेला तरी पुढचे काही दिवस कोंबड्या घालतील ती अंडी त्याचीच. झालं, कोंड्याच्या टोपलीत रवणीसाठी, म्हणजे उबवायला, अंडी जमू लागली. नेमकी त्याच वेळी एक तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, जंतांनी मेली. आता आली का पंचाईत! औषध लांबवावं तर बाकीच्या कोंबड्या जाणार, द्यावं तर पुढची अंडी कडू होणार आणि कडू अंडं उबत नाही, हे मामांचं ठाम मत. शेवटी त्यांनी गोळ्या दिल्या. आधीची अंडी रवणीला, नंतरची खायला असं ठरवलं, आणि सरमिसळ नको म्हणून औषधाच्या अंड्यांवर कोळशानं रेघ ओढली. एवढा हुशार माणूस, पण त्या भागात घरोघरी कोळशाची रेघ रवणीच्याच अंड्यांवर ओढतात, चुकून कुणी फोडू नयेत म्हणून, हेच विसरला. आणि हा सगळा बेत त्यांनी कोंबड्यांना सांगितला असेल, आत्याला नाही.

मग ते शिवथरला कुणाच्या तरी कोंबड्यांना औषध पाजायला गेले. मागे एक कोंबडी खुडूक झाली. आत्यानं रेघेची अंडी तिच्याखाली ठेवली आणि मामा यायच्या दिवशी बिनरेघेच्यांचं कालवण केलं. मामांनी ते दोनदा मागून घेतलं, तोंडभर वाखाणलं, हात धुतला आणि खुडूक कोंबडी बघायला गेले. परत आले ते ओटीवर बसून राहिले. मी तेव्हा सुटीला तिथंच होतो; विचारल्यावर त्यांनी मला हळूच सगळं सांगितलं आणि वर बजावलं, "तिला बोलू नको. ती जल्मभर मनाला लावून घेल."

पुढचे तीन आठवडे त्यांनी जंत हा शब्द उच्चारला नाही. आणि एका सकाळी डालग्याखाली चिवचिव झाली. सगळी नाही, पण बरीच अंडी फुटली, आणि त्यांतलं एक पिल्लू मोठेपणी हुबेहूब तांबडा कोंबडा निघालं. मामांनी लगेच गावभर सांगितलं की पळसपापडीच्या अंड्याला तोड नाही, आणि ती आपण मुद्दामच ठेवली होती.

मामा गेल्यावर आत्याला भेटायला गेलो. अंगणात तांबड्याच्याच वंशाचा एक कोंबडा माती उकरत होता. वाटलं, आता सांगायला हरकत नाही. सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"मला ठाव हाय बाला," ती म्हणाली. "एवढा बोलका माणूस कोंबडी बघून आला नि गप बसला. मी जाऊन रेघा बघितल्या, तवाच समजलं. पिल्लं निघावीत म्हणून देवीला नारळ बोलले. पण त्यांनी मला राखलं, मग मी बोलून त्यांना कशाला दुखवू?"

मग तिनं सुपातले चार दाणे कोंबड्यापुढे टाकले. तो ते टिपू लागला. आत्या त्याच्याकडे बघत म्हणाली, "याला औषध द्याया झालंय रे. पण गोळी कशी वळायची, ते त्यांनी कोंबड्यांनाच सांगितलं असंल."