साडूंची तिसरी खेप

आमच्या साडूंइतका सोपी गोष्ट अवघड करून ठेवणारा माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरा नसेल. ज्या देशात सुपरमार्केटात दुधाशेजारी बिअरचे क्रेट रचलेले असतात, तिथे फेल्डहोवनला राहून यांनी बिअर घरी करायला घेतली. इंग्लंडमध्ये एका प्रोजेक्टवर असताना तिथली फिकट, कडसर बिअर त्यांना आवडली आणि तेव्हापासून इथली सगळी बिअर त्यांच्या लेखी पिवळं पाणी झाली. ऑफिसात चिप बनवायच्या मशीनजवळ धुळीचा कण चालत नाही, म्हणून घरीही डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क लावून ते बादली धूत. हॉप्स नावाची कडू फुलं सोन्यासारखी तोलत. माझ्या मेहुणीचं सर्वांत मोठं पातेलं या कामी गेलं, पाठोपाठ तिची दुलई आंबणाऱ्या बादलीला थंडी वाजू नये म्हणून गेली. "पोरींच्या तापात यांनी इतक्या वेळा थर्मामीटर लावला नव्हता," ती म्हणायची. पहिल्या खेपेला जळक्या पावाची चव होती, दुसरीला ओल्या पायमोज्यांची. दोन्ही वेळा आम्ही "वेगळीच आहे" म्हणालो आणि ते कौतुक समजून त्यांनी आमचे ग्लास पुन्हा भरले.

या खटाटोपाचं कारण मला उशिरा कळलं. २००५च्या उन्हाळ्यात त्यांचे आईवडील पुण्याहून यायचे होते. वडिलांना सगळे नाना म्हणत. नानांसमोर साडू चाळिशीतही खुर्चीवर बसत नसत. फोनवर "तब्येत?" "बरी." एवढं झालं की नाना रिसीव्हर आईंकडे देत.

"एकदा नानांशेजारी बसून एक ग्लास घ्यायचाय," साडू मला म्हणाले. "विकतची दिली तर व्यसन म्हणतील. स्वतः केलेली म्हटलं की निदान प्रोसेसबद्दल तरी बोलणं होईल."

बापाशी बोलायला आधी बादली आंबवावी लागते, हे इंजिनिअरलाच सुचावं.

तिसरी खेप मात्र खरंच जमली होती आणि तोवर नाना आणि आई येऊन पोचलेही होते. बाटल्या भरायच्या दिवशी आईंनी बागेतल्या शेडमधल्या बादलीत चमचा घालून चाखलं. त्यांच्या हातचा कुठलाही पदार्थ गुळाशिवाय गॅसवरून उतरत नाही. मुलाचा एवढा काढा कडूजहर राहिलेला त्यांना बघवेना. पुण्याहून आणलेल्या ढेपेतला चांगला मोठा खडा त्यांनी आत सोडला आणि ढवळूनही ठेवलं. साडूंना याचा पत्ता नव्हता. त्यांनी बाटलीत गॅस धरण्यापुरती आपली मोजलेली साखर घालून बाटल्या भरल्या आणि झाकणं ठोकली. पुढच्या रविवारी आम्ही दुपारच्या चहाला बागेत बसलो असताना दुप्पट गॅस धरलेल्या बाटल्या फुटू लागल्या आणि शेडमध्ये लक्ष्मीपूजनाचे फटाके सुरू झाले. शेजारच्या डच बाई कुंपणावरून "पोलिसांना बोलावू का?" असं विचारू लागल्या.

"आई, काय घातलंस त्यात?"

"गूळ. कारल्यालासुद्धा घालते मी!"

फेसात एकच बाटली शाबूत उभी होती. साडू तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि मला, कधी नव्हे ते, एकही टोमणा सुचेना.

"आण ती इकडे," नाना बागेतल्या खुर्चीवरून म्हणाले. टॉवेलात गुंडाळून उघडली तरी अर्धी हवेत उडाली. उरलेली दोन ग्लासांच्या तळाला पुरली. नानांनी घोट घेतला.

"कडू आहे. पण चांगली आहे." मग त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "मी माझ्या वडिलांसमोर ते जाईपर्यंत उभाच राहिलो. तू बस."

साडू बसले. प्रत्येक गोष्ट तासभर समजावून सांगणारा तो माणूस ग्लास संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. नानाही बोलले नाहीत. पुढे नानांना प्रवास झेपेना आणि ते पुन्हा इकडे आले नाहीत. साडूंची मी आजही यथेच्छ टिंगल करतो. त्या दुपारची मात्र अजून करवलेली नाही.