बोट की किनारा

माझं आयुष्य एका सकाळीत मार्गी लावणाऱ्या माणसाला स्वतःची एक सुट्टी सहा वर्षांत ठरवता आली नाही, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. दादांना ओळखणारे मात्र म्हणतील, सहाच? दादा माझे कुणी लागत नाहीत. ते पुण्याचे, जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये. मी नववीतून शाळा सोडलेला, हायडेलबर्गच्या एका हॉटेलात तंदूर सांभाळणारा. युरो नुकता आला होता तेव्हाची गोष्ट. परदेशी लोकांच्या कचेरीतून पत्र आलं, आणि जो कागद वाचता येत नाही त्यात आपल्याला हाकलूनच दिलेलं असणार, असं मला अजूनही वाटतं. ते पत्र घेऊन मी जेवायला आलेल्या दादांच्या टेबलापाशी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून माझ्याबरोबर कचेरीत आले, तिथल्या बाईंना चार वेळा ‘जा, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, अगदी बरोबर’, म्हणाले आणि माझा व्हिसा वाढला. पुढे दर वर्षी माझे कागद तेच भरत, आणि रविवारी वहिनी मला जेवायला बोलवत. त्या घरची आमटी मी इतकी खाल्ली आहे की हे लिहिताना हात जड होतो.

तर असे हे दादा बेकरीत पाव घ्यायला उभे राहिले की मागची रांग दारातून बाहेर जायची. तीळवाला घ्यावा तर खसखसवाल्यावर अन्याय होतो, असा त्यांचा चेहरा. एकदा दोन गाड्यांपैकी कुठली लवकर पोचेल याचा विचार करताना त्यांनी दोन्ही सोडल्या. “दोन्ही बाजू बघायला हव्यात ना रे,” हे पालुपद. अशा माणसानं गावच्या तरणतलावात डायव्हिंग शिकावं, हेच नवल. तळाला फरश्या आणि कुणाची तरी केसांची पिन, एवढंच बघून ते वर आले ते देवदर्शन झाल्यासारखे. तेव्हापासून कॅरिबियनचा ध्यास लागला. प्रश्न एकच: आठ दिवस बोटीवरच मुक्काम करून दिवसातून चारचार बुड्या मारायच्या, की किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात राहून सकाळी जाऊन दुपारी परत यायचं? त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला. बुड्या, डास, वादळं, संडास, शेजारच्या बर्थवरचा घोरणारा, प्रत्येकाला एक रकाना आणि गुण. दोन्हींची बेरीज नेहमी सारखीच यायची. मग दादा खुशीत आणखी एक रकाना वाढवायचे.

त्या तक्त्यात वहिनींचा रकाना नव्हता. वहिनी पाण्यात उतरत नसत, आणि नेकार नदीतल्या सहलीच्या बोटीत तर दोर सोडायच्या आधीच त्यांना उमळून आलं होतं. म्हणजे किनारा हा वहिनींसकट आणि बोट वहिनींशिवाय, एवढा साधा हिशोब. तो घरात सगळ्यांना माहीत होता आणि कुणी बोलत नव्हतं. वहिनींनी सेलमधून रुंद काठाची एक टोपी मात्र आणून ठेवली होती. “आल्झो, तर मग अजून एक रकाना वाढवा,” असं म्हणत त्या पोळी वाढायच्या. हसून म्हणायच्या, पहिली काही वर्षं तरी.

मग तो रविवार आला. माझा त्या वर्षीचा व्हिसाचा फॉर्म दादांच्या हाताशी होता, कोराच. दादांनी विचारलं, “तू सांग रे. बोट की किनारा?” हे त्यांनी मला शंभरदा विचारलं असेल, आणि शंभरदा मी ‘दोन्ही चांगलं’ म्हणून सुटलो होतो. त्या दिवशी ते थांबून राहिले. त्यांचं बोट मात्र बोटीच्या फोटोवर होतं, ते मी पाहिलं.

“बोटच बरी, दादा.”

वहिनी माझ्या ताटात भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. “बघा, त्यालासुद्धा कळतं,” त्या म्हणाल्या. “बोटीनंच जा तुम्ही.” संध्याकाळपर्यंत दादांचं बुकिंग झालं. माझा फॉर्मही भरून झाला.

दादा समुद्रावर असताना वहिनी पुण्याला बहिणीकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. एका शब्दानं संसार मोडत नाही, हे शाळा सोडलेल्यालाही कळतं. पण मनातलं ‘किनारा’ हे खरं बोललो असतो तरी दादांनी माझा फॉर्म भरलाच असता. ते तसे नव्हतेच. आणि हेही मला तेव्हा ठाऊक होतं.

परत आल्यावर एका दुपारी, हॉटेल बंद असताना, ते आत येऊन बसले. नाकाची सालं निघालेली. मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, “पाण्याखाली बोलता येत नाही ना, म्हणून सगळं साठवून वर आलो. वर सगळे आपापल्या वहीत बुड्यांची नोंद लिहीत बसलेले. कुणाला सांगू?”

मग त्यांनी मला एका कासवाबद्दल सांगितलं. केवढं होतं, मान वळवून कसं बघत होतं, घाई कशी नव्हती त्याला. सांगून संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, आणि या वेळी ते माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. ते वहिनींना सांगणं होतं; मी हलकेच उठून माझी खुर्ची मागे घेतली.