मिलिंदचा संशय

मिलिंद गेल्याचा मेसेज सकाळी आमच्या फिरायच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी तो खरा मानलाच नाही. पाठवणारा ओळखीचा, नावही बरोबर. तरी वाटलं, कोणाचा तरी फोन हॅक झाला असेल. हे वळण मला मिलिंदनेच लावलेलं. मी सरळ त्याच्याच नंबरवर फोन लावला. बराच वेळ वाजला... मग वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, खरं हाय."

अमरावतीच्या एका कॉलेजात आम्ही बरोबर शिकवलं. तो गणित, मी इतिहास. माणूस भलता शंकेखोर. ऑटोवाल्याने जवळचा रस्ता धरला तरी "इकडून काहून नेऊन राहिला बे?" म्हणून विचारणार. परीक्षेत त्याची ड्युटी लागली की पोरं हवालदिल होत. तो कोणाचे खिसे तपासत नसे. नुसता चेहरे न्याहाळत फिरायचा आणि नेमक्या बाकाशी थांबायचा. स्टाफरूममध्ये आम्ही त्याच्यावर हसायचो. "हासा लेको," एवढंच म्हणायचा.

निवृत्तीनंतर आमच्या ग्रुपने उत्तराखंडातला एक डोंगर चढायचं ठरवलं. रात्री वरच्या कुरणात तंबू, मग अंधारातच निघून सूर्योदयाला शिखर. मिलिंदला सगळ्यातच काळंबेरं दिसत होतं. वाटाड्या तिथलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो बाजूला जाऊन फोनवर कुजबुजला की मिलिंद माझ्या कानाशी, "हा माणूस काईतरी लपवून राहिला पाह्य."

बॅटऱ्यांच्या उजेडात आमची रांग चढू लागली. मिलिंद माझ्या मागे. थोड्या वेळाने त्याचा संशय वाटाड्याला सोडून माझ्याकडे वळला.

"पक्या, डोकं दुखते काय तुहं?"

"नाही."

"मंग पाय असे काहून टाकून राहिला?"

मला चीड आली. पुढच्या वळणावर पुन्हा, "तुही बायको कोन्या गावची?"

"काय लावलं बे हे?"

"सांग ना."

"मूर्तिजापूरची," मी म्हणालो.

तो जागीच थांबला. मूर्तिजापूर माझं गाव. बायको शेंदूरजनाघाटची, तिच्या माहेरच्या बागेतली संत्री तो दरवर्षी आमच्याच ओसरीवर बसून खायचा.

तो खाली चाल म्हणू लागला, मी उतरायला तयार होईना. हा माझं शिखर बुडवायला निघालाय, एवढंच मला त्या वेळी कळत होतं. तेव्हा मिलिंद सगळ्यांसमोर वाटेत मटकन बसला. "मले भेव लागून राहिलं. माह्यानं होत नाई. पक्या, तू चाल माह्यासंगं खाली." कोणीतरी हसलं. वाटाड्या मात्र हसला नाही. त्याने माझ्या तोंडावर बॅटरी धरली, रांग आपल्या जोडीदारावर सोपवली आणि मला धरून स्वतः खाली उतरला. खालच्या डॉक्टरांनी सांगितलं, विरळ हवेने मेंदूला सूज यायला लागली होती. आणखी वर गेलो असतो तर परत येणं कठीण होतं. वाटाड्याच्या फोनचंही तिथेच कळलं. त्याची बायको घरी आजारी होती. मिलिंदने त्याचे दोन्ही हात धरले. "माफ करना भाई," म्हणाला.

शिखर करून आलेले लोक पुढे त्याला 'भेकड मास्तर' म्हणून चिडवत. मी खरं काय ते सांगायला लागलो की तो मध्येच म्हणे, "राहू दे. भेलोच होतो मी."

शेवटच्या आठवड्यात त्याच्या छातीत जळजळायचं. तो ॲसिडिटी म्हणून सोडून द्यायचा. वहिनी दवाखान्यात चला म्हणत राहिल्या. साऱ्या जगावर शंका घेणाऱ्याला आपल्या छातीची शंका येऊ नये? मला वाटतं, आली असावी... घरच्यांना घाबरवायला नको म्हणून बोलला नसेल. आता हे विचारायचं कोणाला?

परवा वहिनींना अकोल्याला लेकीकडे जायचं होतं, स्टँडवर सोडायला मी गेलो. त्यांनी दाराला कुलूप लावलं. मिलिंद कुलूप लावून ओढून बघायचा, फाटकापर्यंत येऊन परत फिरायचा, पुन्हा ओढायचा, वहिनी वैतागायच्या. फाटकाशी येऊन त्या थबकल्या.

"भाऊजी, तुमी एकडाव ओढून पाह्यता काय?"

मी परत गेलो. कुलूप पक्कं होतं. तरी पुन्हा एकदा ओढून पाहिलं.